मोठेबाबांच्या बांधीतलं रोम

"बाबिलोनात गेला म्हन्ते वं मालक."

"नाही वं. पाय बाबिलोनात होते. डोकं रोमात."

मी नागपूरहून आसगावला पोहोचून अंगणात चप्पल काढत होते, तेव्हा ताडपत्रीच्या सावलीत बसलेल्या दोन बायकांचं हे बोलणं माझ्या कानावर पडलं. माझ्या मागोमाग अमरावतीच्या एक दूरच्या आत्या आल्या होत्या. त्यांनी माझा दंड धरला आणि डोळे पुसत हळूच विचारलं, "बाबिलोन म्हणजे नागपूरचं नवीन हॉस्पिटल का गं? एवढं नेऊनही वाचले नाहीत ना..." मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाही सांगता आलं नसतं. आत मोठेबाबा पांढऱ्या चादरीखाली निजलेले होते. एरवी त्यांनी आत्यांना समोर बसवून बाबिलोनचा सगळा इतिहास ऐकवला असता, आणि आत्यांची परतीची बस चुकली असती.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. पवनी तालुक्यातल्या या गावात त्यांची धानाची शेती. धान म्हटलं की बांध्या आल्या. धुरे, म्हणजे मातीचे बांध, घालून केलेले जमिनीचे छोटेमोठे तुकडे, एकीतलं पाणी दुसरीत सोडायचं, दुसरीतलं तिसरीत. आमच्या बांध्यांना मोठेबाबांनी जगातल्या जुन्या राज्यांची नावं दिलेली होती. बाबिलोनच्या धुऱ्याला खेकड्यांनी भोक पाडलं होतं. ते बुजवायला सकाळी गेले आणि रोमकडच्या धुऱ्यावर आडवे झाले, ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. आमच्याकडे वर्षानुवर्षं रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, येणारी, सगळ्या बायकांची म्होरकी देवकाबाई म्हणाली, खेकडा.

त्या अंगणात मी एका कोपऱ्यात उभी होते. दुःख होतंच, पण धास्तीही होती. मोठेबाबांनी मला एक काम सांगून ठेवलं होतं. ते गेल्यानंतर जी पहिली रोवणी येईल, त्या दिवशी शेतात, सगळ्या माणसांसमोर, मी त्यांचं पूर्ण नाव मोठ्याने घ्यायचं. एवढंच. दुसऱ्या कुणाला हे काम म्हणजे काहीच वाटलं नसतं. मी मात्र बसमध्ये कंडक्टरला "थांबवा" म्हणता न आल्याने पुढच्या स्टॉपवर उतरून मागे चालत येणारी मुलगी आहे.

आमची दोस्ती याच मुखदुर्बळपणातून झाली. पाचवीत मला शाळेने बक्षीस दिलं होतं, 'शांत विद्यार्थिनी' म्हणून. मी भीतीने बोलत नव्हते, शाळेला तो गुण वाटला. बक्षीस होतं जगातल्या प्राचीन राज्यांवरचं एक जाडजूड, चित्रांचं इंग्रजी पुस्तक. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ते आसगावला नेलं, कारण पुस्तकात तोंड घातलं की कुणी प्रश्न विचारत नाही असा माझा अनुभव होता. मोठेबाबांनी तो खोटा ठरवला. माझ्या खांद्यावरून त्यांनी नाईल नदीच्या पुराचं चित्र पाहिलं आणि खालीच बसले. "हे कोन्तं गाव हाय?" मी म्हटलं, इजिप्त. "पूर येते, गाळ बसते, मंग पेरतात?" मी मान हलवली. "अव, हे तर आपली वैनगंगाच हाय! वाच."

त्या दिवसापासून मी वाचायची आणि मराठीत सांगायची. माझं मराठी शाळेत तिसऱ्या भाषेचं, त्यामुळे जगाच्या इतिहासाचं काही नुकसान झालं. 'हाय प्रीस्ट' आला की मी सरळ 'उंच पुजारी' म्हणायची. पुढे कित्येक वर्षं मोठेबाबा लोकांना सांगत, की बाबिलोनात पुजारी व्हायचं असेल तर आधी उंची मोजत. मला चूक कळली तोवर ही माहिती पवनीच्या बाजारापर्यंत पोहोचली होती, आणि एक बुटके महाराज मोठेबाबांवर रुसलेही होते.

आधी आमच्या बांध्यांची नावं आंब्याची, भुताची, वरची, खालची अशी होती. त्याच उन्हाळ्यात ती बदलली. बोडीतलं, म्हणजे आमच्या लहानशा तळ्यातलं पाणी जिला आधी मिळतं ती मिसर, म्हणजे इजिप्त. सगळ्यात मोठी ती रोम. लांबलचक धुऱ्याची ती चीन. तुकड्यातुकड्यांची ती ग्रीस. जिच्यावरून शेजाऱ्याशी पिढ्यान्पिढ्या भांडण चाललेलं ती पर्शिया, आणि शेजारी आपोआप सिकंदर. टेकाडावर, जिथे पाणी कधी चढतच नाही, ती इंका. इंग्लंडला काय देणार म्हणून मी एकदा विचारलं, तर ते बराच वेळ गंभीरपणे शेताकडे बघत राहिले आणि त्यांनी इंग्लंडला शेणखताचा खड्डा दिला.

कुणाला वाटेल, म्हाताऱ्याचा नाद, गावाने हसून सोडून दिला असेल. गावाने सोडला नाही, उचलला. बायकांना 'खालून दुसरी, कडुनिंबाच्या अंगाची' म्हणण्यापेक्षा 'चीन' म्हणणं सोपं होतं. एका साली तुडतुड्यांनी धान खाल्लं तेव्हा पाहणीला आलेल्या तरुण साहेबांना देवकाबाईने धुऱ्यावर उभं राहून हातवारे करत सगळं सांगितलं. "ग्रीस सारा खाल्ला साहेब. मिसर अर्धा गेला. आता रोमात घुसून राहिले." साहेब पेन उघडून थांबले. मग त्यांनी मोठेबाबांना बाजूला घेऊन विचारलं, बाईंची तब्येत बरी असते ना? मोठेबाबा म्हणाले, "तब्येत चांगली हाय, भूगोल कच्चा हाय. ग्रीस सारा नाही गेला, पाऊन हिस्सा गेला."

देवाधर्माच्या बाबतीत ते आठवडी बाजारात फिरल्यासारखे फिरत. प्रत्येक गोष्ट हातात घ्यायची, वास घ्यायचा, भाव विचारायचा आणि पुढे जायचं. मेल्यानंतर माणसाचं काय होतं, हा त्यांचा आवडीचा गाळा. मिसरमध्ये मेलेल्या माणसाचं काळीज तराजूत घालून पिसाबरोबर तोलतात, हे मी वाचून दाखवलं तेव्हा ते दोन दिवस अस्वस्थ होते. "माझ्या काळजाले धर्मकाटा लागन," ते म्हणाले. "तो साकोलीच्या रस्त्यावरचा. ट्रक तोलायचा." आणि दर काही महिन्यांनी त्यांचा स्वतःच्या अंत्यविधीचा बेत बदलायचा. जेवताना ते मोठीआईला, म्हणजे माझ्या मोठ्या काकूला, नवीन बेत सांगत.

"मले तिबेटवानी करा. गिधाडाईले देऊन टाका."

मोठीआई भाकरी थापता थापता म्हणायची, "गिधाडं राहिलीत कुठं? कावळ्याईच्या भरवशावर ठेवलं तर दिवाळी येऊन जाईन."

"मंग उत्तरेकडच्या राजाईवानी करा. डोंग्यात ठेवा, बोडीत सोडा, आन् डोंग्याले आग लावा."

"बोडीत कमरेएवढं पानी. डोंगा गाळात फसन, आन् सारं गाव चिखलात उतरून तुमाले ढकलत बसन. जेवा."

ती कधी हसायची नाही. पण ते हात धुवायला बाहेर गेले की पदर तोंडाला लावायची. मी ओट्याच्या मागे बसून पाहिलेलं आहे.

आता त्यांच्या नावाबद्दल. मोठेबाबांचं नाव कचरू. त्यांच्या आधीची भावंडं तान्हेपणीच जात राहिली, म्हणून हे जन्मल्यावर आजीने त्यांना उकिरड्यावर ठेवलं, दुसऱ्या बाईकडून उचलून घेतलं आणि नाव ठेवलं कचरू. मृत्यूने दारात येऊन विचारावं, आणि घरच्यांनी म्हणावं, इथे काही नाही, कचरा आहे. युक्ती चालली, मोठेबाबा जगले. पण पुढे सत्तर वर्षं त्या नावाने जगावं लागलं ते त्यांनाच. गाव त्यांना मालक म्हणे, आम्ही मोठेबाबा, आणि कागदावर ते सही करत 'के. एस.' त्यांचा मुलगा, माझा नितीनदादा, पुण्यात नोकरीला आहे. कॉलेजात त्याला या नावावरून इतकं छळलं होतं, की लग्नपत्रिकेतही त्याने वडिलांच्या जागी 'के. एस.' छापलं. मोठेबाबांनी पत्रिका पाहिली आणि म्हणाले, "चांगली झाली."

पुस्तकातल्या राजांची नावं मात्र त्यांना टोचत. सूर्याचा पुत्र, चारी दिशांचा स्वामी... "आन् मी उकिरड्याचा पोरगा," असं म्हणून ते हसत. ते हसणं मला आवडायचं नाही. मग कधीतरी मी फोनवर शोधलं आणि त्यांना सांगितलं, की मंगोलियात मुलं जगत नसली तर लोक मुलाचं नाव 'वाईट कुत्रा' ठेवतात. किंवा 'नाव नाही' असंच नाव ठेवतात. चीनमध्येही तसंच, कुत्र्याने टाकलेलं उष्टं, असल्या अर्थाची नावं. मोठेबाबा ऐकताना खाटेवर सरळ होऊन बसले. "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. "वाईट कुत्रा?" हो. "राजाच्या घरीबी?" ते मला माहीत नव्हतं, पण मी हो म्हटलं. ते उठले, पायात काही न घालता शेतावर गेले, आणि पर्शियातली एक चिंचोळी पट्टी काढून तिथल्या तिथे मंगोलियाला देऊन आले. सिकंदर शेजाऱ्याने हरकत घेतली. मोठेबाबा त्याला म्हणाले, "तुले नाही समजन. माह्या नावाचे भाऊबंद राह्यतात तिथं."

शेवटची भेट अक्षय तृतीयेची. आमच्याकडे त्या दिवशी पितरांना घास ठेवतात आणि नावं घेतात. वडिलांचं, आजोबांचं, पणजोबांचं. मग भटजी थांबतात, कारण पुढचं कुणालाच ठाऊक नसतं. जेवणं झाल्यावर मोठेबाबा मला म्हणाले, "पाह्य. मिसरच्या राजाले मरून चार हजार वर्षं झाले, तुले नाव पाठ हाय. आन् माह्या पणजोबाचा बाप कोन, हे मलेबी मालूम नाही." मी म्हटलं, मिसरचे लोक मानत, की मेलेल्या माणसाचं नाव कुणी मोठ्याने घेतलं की तो तेवढा वेळ जिवंत होतो. आणि घेणारं कुणी उरलं नाही, की दुसऱ्यांदा मरतो. तेव्हा कायमचा. हे मी सहज सांगितलं होतं... त्यांनी सुपारी चघळायची थांबवली.

"मंग माझं कोन घेईन?" ते म्हणाले. "तुह्या मोठीआईनं उभ्या जन्मात घेतलं नाही. नितीन के. एस. म्हन्न. के. एस. तर अर्ध्या तालुक्याचे हायेत, तिकडं कोन उठून बसन कोन जाने." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तू घे. पूरं. रोवन्याच्या दिवशी, शेतात. साऱ्याईसमोर."

मी म्हटलं, मला नाही जमणार, मला लाज वाटते.

"म्हनूनच तुले सांगून राहिलो. देवकानं आरडलं तर त्याची काय किंमत? ते तर कोंबड्याईवरबी आरडते."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. त्यांनी ते हो धरलं.

तेरवीला नितीनदादाने चौकात मोठं फ्लेक्स लावलं. मोठेबाबांना फोटोवाल्याने अंगात निळा कोट चढवला होता, आणि खाली लिहिलं होतं 'कै. के. एस.'. देवकाबाई फ्लेक्ससमोर उभी राहून, तिची नात जे वाचून दाखवत होती ते ऐकत होती. मग घरात येऊन तिने मोठ्याने विचारलं, "हा के. एस. कोन मेला वं? मी तर मालकाच्या तेरवीले आली." नितीनदादाचा चेहरा पडला. मला त्याचं वाईट वाटलं. तो दहाव्याला नदीवर, भटजींनी नाव विचारलं तेव्हा, इतक्या हळू बोलला होता की भटजींना तीनदा विचारावं लागलं. त्याला बापाची लाज नव्हती. त्याला ते नाव ऐकून हसणाऱ्यांची धास्ती होती, आणि ती काय असते हे त्या घरात माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. म्हणजे मी नाव घेतलं तर जिवंत माणसाला दुखवणार होते, आणि नाही घेतलं तर मेलेल्याला. तेरवीच्या दिवशी माणसांनी भाषणं केली. के. एस. साहेबांचे उपकार, के. एस. साहेबांचा स्वभाव. माइक माझ्यापर्यंत आला, मी तो पुढे दिला.

रोवणी लागली तेव्हा मी चार दिवसांची रजा काढून गेले. आईला सांगितलं, मोठीआईला सोबत म्हणून. नितीनदादाही आला होता. त्या दिवशी रोमची पाळी होती. चिखल करून झाला होता, पऱ्ह्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जुड्या बांधीभर टाकलेल्या होत्या, आणि बायका ओळीने वाकल्या होत्या. एकीच्या कमरेला खोचलेल्या फोनवर गाणी चालली होती. आदल्या रात्रीच्या पावसाने रोममध्ये पाणी फार झालं होतं. इतक्या पाण्यात रोप तरंगतं, धरत नाही. ते दुसरीकडे काढायचं, तर कोणता धुरा फोडायचा हे नितीनदादाला माहीत नव्हतं. तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून एकदा या कोपऱ्यात जाई, एकदा त्या.

"चीनकडं सोडा ना," देवकाबाई वाकल्या वाकल्या म्हणाली.

"चीन भरलेला आहे, मावशी."

"मंग ग्रीसकडं."

"ग्रीसमध्ये काल रोवलं. वाहून जाईल सगळं."

"मंग मालकाले विचारा बाप्पा," देवकाबाई म्हणाली. फोन खोचलेल्या बाईने गाणं बंद केलं. बायका वाकलेल्याच राहिल्या, पण हात थांबले.

मोठीआई माझ्याजवळ धुऱ्यावर उभी होती. मोठेबाबा गेल्यापासून ती पहिल्यांदाच शेतावर आली होती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तुले काही सांगतलं होतं नं त्याईनं?"

मी दचकले. "तुम्हाला माहीत आहे?"

"पन्नास वर्षं सारं जगच मले जेवताना सांगितलं त्याईनं. हे नाही सांगन काय?" मग म्हणाली, "मले तर घेता येत नाही. सवय नाही. पन ऐकता येते."

मी नितीनदादाकडे पाहिलं. तो चिखलात उभा राहून आमच्याकडेच बघत होता. त्याला बहुतेक समजलं होतं. मला वाटलं, तो मान फिरवेल. त्याने फिरवली नाही. हातातलं फावडं टेकवलं आणि वाट बघत राहिला.

मी म्हणाले, "कचरू सखाराम."

"काय म्हन्ते पोट्टी?" ओळीच्या टोकाकडून आवाज आला.

"मालकाचं नाव घेऊन राहिली," देवकाबाई म्हणाली, आणि कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली. "पन बाई, असं कानात सांगितल्यावानी काय घेतं? जिते होते तेव्हा या कानाचं त्या कानाले ऐकू जात नव्हतं त्याईले. आता तर कुठच्या कुठं गेले. आरड!"

कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरी हसली. मी नितीनदादाकडे पाहिलं, तर त्याचेही खांदे हलत होते. तो हसत होता की रडत होता, ते इतक्या लांबून मला कळेना, आणि मोठीआईने पदर तोंडाला लावला होता. माझे कान तापले होते, पाय धुऱ्याच्या ओल्या मातीत रुतले होते. मी छातीत मावेल तेवढी हवा घेतली, आणि माझ्या तोंडून शाळेचं मराठी आलंच नाही.

"ओ कचरू सखाराम! ओ जी! रोम भरून राहिला... पानी आता कोन्या देशात सोडू?"